जुन्या सेकंडहँड लॅपटॉपला पुन्हा कामाला लावताना

आठ-दहा वर्षे वापरलेला लॅपटॉप दुसऱ्या हाताने आपल्याकडे येतो, तेव्हा तो बिघडलेलाच असतो असे नाही. पुष्कळदा एवढेच झालेले असते, की त्याच्याबरोबर आलेली ऑपरेटिंग सिस्टिम कालबाह्य झाली, तिच्यावर वर्षानुवर्षे नको ते प्रोग्रॅम साचत गेले आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क त्या ओझ्याने मेटाकुटीला आली. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा व इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधी बनलेले, एरवी धडधाकट असलेले असंख्य लॅपटॉप एका तारखेत ‘जुने’ ठरले. अशा लॅपटॉपकडून अजून चांगली चार-पाच वर्षे काम करून घेता येते. मात्र त्याच्यावर किती खर्च करायचा आणि कोणत्या क्रमाने करायचा, हे नीट ठरवावे लागते.

आधी काम ठरवावे

बहुतेक जण सुटे भाग विकत घेण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात एका प्रश्नापासून करावी: हा लॅपटॉप नेमके कोणते एक काम करणार आहे? लेखन, हिशेब आणि ईमेल यांसाठी चांगला कीबोर्ड आणि वेगवान डिस्क असली की पुरते, प्रोसेसर बेताचा असला तरी चालतो. विद्यार्थ्याला ऑनलाइन तासांना बसायचे असेल, तर कॅमेरा, माइक आणि वायफाय यांना महत्त्व येते. टीव्हीला जोडून चित्रफिती पाहायच्या असतील, तर एचडीएमआय पोर्ट हवे आणि प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे याला महत्त्व येते. घरातल्या सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारा छोटा सर्व्हर करायचा असेल, तर स्क्रीन फुटलेला आणि बॅटरी मेलेली असली तरी काही अडत नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने जो लॅपटॉप टाकाऊ, तोच सर्व्हर म्हणून उत्तम ठरतो, तो यामुळेच. चित्रफितींचे संपादन, नवे त्रिमिती खेळ किंवा एआय मॉडेल स्वतःच्या यंत्रावर चालवणे ही कामे मात्र त्याच्या गळ्यात बांधू नयेत. तेथे कितीही पैसे ओतले तरी समाधान मिळत नाही.

हाती आल्यावरची तपासणी

शक्य असेल तर पैसे देण्यापूर्वी, नाहीतर निदान काहीही विकत आणण्यापूर्वी तासभर देऊन लॅपटॉप तपासावा. सर्वांत आधी तो सपाट टेबलावर ठेवून कोपरे हलके दाबून पाहावेत. तो डुगडुगत असेल, टचपॅड एका बाजूने उचललेले दिसत असेल, त्याचे क्लिक अडखळत असेल किंवा खालच्या झाकणाची फट मध्येच रुंदावलेली असेल, तर आतील लिथियम-आयन बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता असते. अशी बॅटरी चार्ज करू नये, दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये आणि तिला टोकदार वस्तू लागू देऊ नये, कारण आतला पडदा फाटला तर ती पेट घेऊ शकते. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, ती सावकाश वेगळी करावी आणि ई-कचरा संकलनात द्यावी; घरच्या कचऱ्यात टाकू नये. ती सैलपणे निघत नसेल, चिकटवलेली असेल, तर हे काम दुरुस्ती करणाऱ्यावर सोपवावे. बरेच लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवरही चालतात.

चार्जरकडेही लक्ष द्यावे. काही लॅपटॉप आपला मूळ चार्जर ओळखतात, आणि तो ओळखू आला नाही किंवा कमी वॅटचा निघाला, तर बॅटरी चार्ज करत नाहीत व प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली ठेवतात. मंद वाटणारा लॅपटॉप योग्य चार्जर लावताच सरळ चालू लागला, असे यामुळे घडते. सुरू होताना पडद्यावर चार्जरविषयी एखादी सूचना चमकून जाते का, ते पाहावे.

त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर शिरावे. लॅपटॉप सुरू करताच कंपनीनुसार एफ२, एफ१०, एफ१, डिलीट किंवा एस्केप यांपैकी एखादी कळ दाबावी लागते. तेथे पासवर्ड विचारला गेला आणि विकणाऱ्याला तो सांगता आला नाही, तर तो लॅपटॉप घेऊ नये. कार्यालयांनी एकगठ्ठा काढून टाकलेल्या लॅपटॉपमध्ये असे बरेचदा आढळते. मदरबोर्डवरची (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरची) नाण्याएवढी बॅटरी काढली की पासवर्ड जातो, हा सल्ला सर्रास दिला जातो. पण व्यवसायासाठी बनवलेल्या बऱ्याच मॉडेलांमध्ये पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, त्यामुळे या युक्तीचा उपयोग होत नाही. क्रोमबुक घेताना ते एखाद्या संस्थेच्या व्यवस्थापनाशी जोडलेले राहिले नाही ना, आणि मॅकबुक घेताना आधीच्या मालकाच्या खात्याचे कुलूप त्यावर नाही ना, हेही पाहावे.

बायोसमध्ये असतानाच तारीख आणि वेळ वाचावी. चार्जर काढून ठेवलेला लॅपटॉप दुसऱ्या दिवशी सुरू केला आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले दिसले, तर ती नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. बऱ्याच मॉडेलांत ती तीन व्होल्टची सीआर२०३२ असते. प्रकरण क्षुल्लक वाटते, पण त्याचा त्रास विचित्र ठिकाणी होतो. वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रे ठरावीक तारखांच्या दरम्यानच वैध असतात, त्यामुळे घड्याळ चुकले की ब्राउझर एकामागून एक वेबसाइट ‘असुरक्षित’ म्हणून नाकारू लागतो. मग लोक वायफाय बदलतात, सगळी सिस्टिम नव्याने टाकतात, आणि दोष त्या बटन-सेलमध्ये असतो.

डिस्कचे आरोग्य विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने आणि लिनक्सवर ‘डिस्क्स’ या साधनाने कळते. तेथील लांबलचक तक्त्यात बदली दिलेल्या सेक्टरांची (सेक्टर म्हणजे डिस्कवर माहिती ठेवण्याचा छोटा कप्पा) आणि निकालात न निघालेल्या सेक्टरांची, अशा दोन संख्या पाहाव्यात. त्या शून्य नसतील आणि दर आठवड्याला वाढत असतील, तर त्या डिस्कवर काहीही महत्त्वाचे ठेवू नये. रॅम तपासण्यासाठी मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवावा. एकही चूक दाखवली गेली, तरी रॅमची पट्टी काढून, संपर्क पुसून, पुन्हा बसवून परत तपासावे, आणि चूक कायम राहिली तर पट्टी बदलावी. कारण न कळता मध्येच बंद पडणाऱ्या यंत्रामागे पुष्कळदा हीच भानगड असते.

उरलेल्या गोष्टी हाताने आणि डोळ्यांनी कळतात. कोरा मजकूर उघडून कीबोर्डची प्रत्येक कळ दाबावी. चार्जरची पिन हलवल्यावर चार्जिंग जाते-येते का ते पाहावे. झाकण सावकाश उघडताना बिजागरीपाशी प्लॅस्टिक वर उचलले जात असेल, तर आतील स्क्रूंची बैठक तुटलेली असते आणि पुढेमागे ती स्क्रीनची वायर घेऊन जाते. हा दोष मी गंभीर मानतो, कारण त्याची दुरुस्ती क्वचितच टिकते.

कुठे खर्च करावा

खर्चाचा पहिला मान एसएसडीचा, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कचा. लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी असते. तिच्यावर विखुरलेल्या लहान फाइली वाचायच्या, तर दर वेळी वाचणारे टोक योग्य जागी सरकावे लागते आणि तबकडी फिरून तेथे येण्याची वाट पाहावी लागते. या प्रत्येक खेपेला साधारण १५ ते १८ मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला पंचावन्न-पासष्ट खेपांपलीकडे मजल जात नाही. साध्यातली साधी सॅटा (डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत) एसएसडी तेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. लॅपटॉप सुरू होणे, ब्राउझर उघडणे, अपडेट बसणे ही सगळी कामे अशा लहान वाचनांचीच असतात, म्हणून हा एकच भाग बदलल्यावर यंत्र ओळखू येणार नाही इतके बदलते. सॅटा ३ वर एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट वेग देते आणि त्याआधीच्या सॅटा २ वर त्याच्या निम्मा. पण वाट पाहणे संपलेले असल्याने सॅटा २ वरही फरक तितकाच जाणवतो.

विकत घेताना आकार पाहावा. बहुतेक जुन्या लॅपटॉपना अडीच इंची एसएसडी चालते. ती ७ मिलिमीटर जाडीची असते आणि जुनी जागा ९.५ मिलिमीटरची असली, तर सोबत मिळणारी चौकट लावून ती घट्ट बसवता येते. थोड्या नव्या यंत्रांत एम.२ खाच असते. परंतु त्याच आकारात सॅटा आणि एनव्हीएमई (अधिक वेगवान जोडणी) असे दोन प्रकार येतात व प्रत्येक खाच दोन्ही प्रकार स्वीकारत नाही, त्यामुळे मॉडेलची माहिती वाचल्याशिवाय ती घेऊ नये. २४०-२५६ जीबी क्षमता सर्वसाधारण कामाला पुरते. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ३२ जीबीची ईएमएमसी ही साठवणीची चिप मदरबोर्डवरच डकवलेली असते, ती बदलता येत नाही. अशा यंत्राकडून फार अपेक्षा न ठेवणेच बरे. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या लॅपटॉपमध्ये ती काढून तिच्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बसवता येते आणि जुनी, पण चांगली असलेली हार्ड डिस्क साठवणीसाठी तेथे ठेवता येते. या कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत येतात.

दुसरा मान रॅमचा. ४ जीबीवर काम चालते, पण ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की यंत्र धापा टाकू लागते. ८ जीबी झाल्यावर तो त्रास बराचसा जातो, आणि त्यापुढे जाण्याची या वयाच्या यंत्राला सहसा गरज नसते. येथे चुकीची पट्टी घेण्याचा धोका मोठा आहे. डीडीआर३ या प्रकारची रॅम १.५ व्होल्टवर चालते आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर, दोन्ही दिसायला सारख्या, त्याच खाचेत बसणाऱ्या. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या, डीडीआर३एल वापरणाऱ्या लॅपटॉपना कमी व्होल्टची पट्टीच लागते आणि साधी डीडीआर३ लावल्यास ते सुरूच होत नाहीत. याउलट डीडीआर३एलची पट्टी बहुतेक जुन्या यंत्रांत निमूटपणे चालते, त्यामुळे शंका असेल तर तीच घ्यावी. डीडीआर४ची खाच वेगळी असल्याने तेथे घोटाळा होत नाही. दोन खाचा असतील तर सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या लावाव्यात, त्याने प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचाही वेग थोडा सुधारतो.

तिसरी गोष्ट जवळजवळ फुकटची आहे आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते, ती म्हणजे आतली सफाई. झाकण उघडल्यावर पंखा वरून स्वच्छ दिसला, म्हणून समाधान मानू नये. खरी धूळ पंख्याच्या तोंडाशी, जेथून हवा तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमधून बाहेर जाते तेथे साठते. पंखा सोडवून बाजूला घेतला की त्या पट्ट्यांवर घोंगडीच्या तुकड्यासारखा करडा, दाट थर दिसतो, जो चिमट्याने धरून अखंड सोलून काढता येतो. बाहेरून हवा फुंकून हा थर निघत नाही. उलट तो आत ढकलला जातो. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण झोताने पंखा बेफाम फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. प्रोसेसर आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे पोहोचवणारे मलम) या वयात खडूसारखी कोरडी झालेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाकावी, चार-पाच मिलिमीटरचा नवा ठिपका मध्यभागी ठेवावा आणि हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळावेत. तापणारा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, त्यामुळे ही सफाई म्हणजे गेलेला वेग परत मिळवणेच होय.

उघडताना काही पथ्ये पाळावीत. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, आणि झाकण निघताच सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. स्क्रू रबरी पायांखाली आणि स्टिकरखाली लपलेले असतात, म्हणून झाकण निघत नाही असे वाटले की जोर लावण्याऐवजी राहिलेला स्क्रू शोधावा. प्रत्येक स्क्रूची लांबी वेगळी असू शकते. एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढून त्यात ज्याच्या त्याच्या जागी स्क्रू खोचून ठेवावेत, कारण आखूड जागी लांब स्क्रू गेला तर तो वरचे प्लॅस्टिक फोडतो किंवा मदरबोर्डला इजा करतो. चपट्या पट्टीसारख्या केबल ओढू नयेत. त्यांच्या टोकाला नखाने उचलता येईल अशी बारीक कडी असते, ती आधी उघडावी. लेनोव्हो, डेल आणि एचपी आपल्या व्यावसायिक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका स्वतःच्या संकेतस्थळावर देतात, आणि ती चाळण्यात घालवलेली दहा मिनिटे पुढचा बराच मनस्ताप वाचवतात.

नवी बॅटरी सगळ्यात शेवटी, आणि ठरवलेल्या कामाला लागत असेल तरच घ्यावी. मूळ क्षमतेच्या साठ टक्के क्षमता शिल्लक असेल तर मी ती बदलणार नाही. विंडोजच्या बॅटरी-अहवालात किंवा लिनक्सच्या पॉवर-माहितीत मूळ आणि सध्याची क्षमता शेजारीशेजारी दिसते. वायफायचे आतले कार्ड बदलण्याचा मोह होतो, पण काही कंपन्यांचे जुने बायोस आपल्या यादीबाहेरचे कार्ड दिसताच पुढे सरकतच नाहीत. त्यापेक्षा यूएसबीचा छोटा वायफाय रिसीव्हर निर्धोक.

कोणती सिस्टिम टाकावी

दुसऱ्याच्या हातून आलेल्या लॅपटॉपवर आधीच असलेली सिस्टिम कितीही चालू स्थितीत दिसली, तरी ती वापरू नये. तिच्यात काय काय बसवलेले आहे हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. आधीच्या मालकाच्या फाइली दिसल्या, तर त्या चाळत बसू नये. हार्ड डिस्क एकदा पूर्णपणे शून्यांनी भरली की पुरते. एसएसडी मात्र नोंदी स्वतःच इकडेतिकडे हलवत असते, म्हणून तिच्यासाठी बायोसमधली किंवा उत्पादकाच्या साधनातली ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा वापरावी.

विंडोज ११ ला टीपीएमची अट चुकवून जुन्या यंत्रावर बसवता येते, रूफस या साधनात तशी सोयही आहे. तरीही मी तो मार्ग सुचवत नाही. अशा यंत्रांना पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २४एच२ या आवृत्तीपासून तर पॉपसीएनटी ही प्रोसेसरला दिली जाणारी आज्ञा न समजणाऱ्या फार जुन्या प्रोसेसरवर ती सुरूही होत नाही. एखादा प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालत असेल आणि त्याला पर्याय नसेल, तर घरगुती वापरासाठीची विंडोज १० ची वाढीव सुरक्षा-मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. पण ती केवळ पुढे ढकललेली अडचण आहे.

बाकीच्यांसाठी लिनक्स हेच सरळ उत्तर. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) आधारलेल्या शेकडो प्रणाली आहेत, आणि नवख्याचा गोंधळ तिथेच होतो. शेकडोंची तुलना करण्यात वेळ घालवू नये. ४ जीबी किंवा अधिक रॅम असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. तिची रचना विंडोज वापरलेल्या माणसाला परकी वाटत नाही, तिला किमान २ जीबी रॅम लागते व ४ जीबी असावी अशी शिफारस आहे, आणि मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळणार आहेत. रॅम २ जीबीच असेल आणि वाढवता येत नसेल, तर एमएक्स लिनक्स किंवा त्याहून हलकी अँटीएक्स पाहावी. प्रोसेसर ३२-बिटचा, म्हणजे फार जुन्या धाटणीचा असेल तर पर्याय झपाट्याने आटत चालले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट इन्स्टॉलर बंद केला. अशा यंत्रावर इंटरनेटशिवाय लेखन किंवा जुने खेळ, एवढेच करावे असे माझे मत आहे. ज्याचे सगळे काम ब्राउझरमध्येच चालते आणि ज्याला देखभालीची कटकट नको, त्याच्यासाठी गूगलची क्रोमओएस फ्लेक्स हा ठीक पर्याय आहे. तिला ४ जीबी रॅम आणि १६ जीबी साठवण लागते. अँड्रॉइड अ‍ॅप मात्र तिच्यावर चालत नाहीत, आणि प्रमाणित मॉडेलांच्या यादीत आपल्या मॉडेलची मुदत कोणत्या वर्षी संपते ते आधी पाहून घ्यावे.

मिंट बसवण्याची कृती लांब नाही. अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (सिस्टिमची बसवण्याजोगी प्रत) उतरवावी आणि तेथे दिलेल्या शा-२५६ या पडताळणी-आकड्याशी ती जुळवून पाहावी. अर्धवट उतरलेली फाइल पुढे जाऊन भलत्याच चुका दाखवते. रूफस, इचर किंवा व्हेंटॉय यांपैकी एका साधनाने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते. लॅपटॉप सुरू करताना बूट-मेन्यूची (कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे ते निवडण्याच्या यादीची) कळ दाबावी. लेनोव्हो आणि डेलमध्ये ती बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९ आणि असूसमध्ये एस्केप असते. एसरमध्येही एफ१२च असते, पण अनेकदा ती आधी बायोसमध्ये चालू करावी लागते.

पेनड्राइव्हवरूनच डेस्कटॉप उघडला, की लगेच ‘इन्स्टॉल’ वर क्लिक करू नये. डिस्कला हात न लावता सगळे हार्डवेअर तपासण्याची ही उत्तम संधी आहे. वायफायला नेटवर्क दिसते का, आवाज येतो का, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा चालतात का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे पाहून घ्यावे. काही जुन्या ब्रॉडकॉम वायफाय चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. अशा वेळी केबलने किंवा फोन यूएसबीने जोडून तात्पुरते इंटरनेट घ्यावे आणि बसवून झाल्यावर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ मधून तो चालू करावा.

इन्स्टॉल करताना संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडावा, आणि यंत्रात दोन डिस्क असतील तर आकार वाचून मगच होकार द्यावा. मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-चित्रफिती चालवायला लागणाऱ्या भागांच्या) चौकोनावर खूण करावी. लॅपटॉप घराबाहेर न्यायचा असेल तर डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी करण्याचा पर्याय घ्यावा. मात्र या कामासाठीच्या एईएस आज्ञा नसलेल्या जुन्या प्रोसेसरवर त्याने डिस्कचा वेग जाणवण्याइतका घटतो. बसवून झाल्यावर सगळी अपडेट्स घ्यावीत आणि मगच टाइमशिफ्ट या साधनाने पहिली नोंद घेऊन ठेवावी, म्हणजे पुढे एखादे अपडेट बिघडले तर या चालू स्थितीवर परत येता येते. मराठी टंकलेखनासाठी कीबोर्ड-सेटिंगमध्ये इनस्क्रिप्टचा किंवा उच्चारानुसारी मराठी आराखडा जोडला की पुरते, वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही.

रोजच्या वापरात

या यंत्रावरचा सर्वांत जड प्रोग्रॅम म्हणजे ब्राउझर. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन बसवले, तर जाहिराती व त्यांचे स्क्रिप्ट उतरतच नाहीत आणि जुन्या प्रोसेसरचे ओझे खरोखर हलके होते. चित्रफिती अडखळत असतील तर इंटरनेटला दोष देण्यापूर्वी प्रोसेसरची पिढी पाहावी. यूट्यूब शक्य असेल तेथे व्हीपी९ किंवा एव्ही१ या स्वरूपात चित्रफीत पाठवते, आणि इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरांत व्हीपी९ पूर्णपणे उलगडणारी यंत्रणा हार्डवेअरमध्ये नाही. सगळे काम प्रोसेसरला हाताने करावे लागते, पंखा ओरडू लागतो आणि चित्र थांबत थांबत पुढे सरकते. यूट्यूबला जुन्या एच.२६४ स्वरूपावर आणणारी ब्राउझर एक्स्टेन्शन मिळतात, ती बसवल्यावर हाच लॅपटॉप शांतपणे चित्रपट दाखवतो. शिवाय १३६६ × ७६८ च्या पडद्यावर १०८० ची चित्रफीत मागण्यात अर्थ नाही, ७२० पुरते.

झाकण मिटून काम करणारा लॅपटॉप

ज्याचा पडदा किंवा कीबोर्ड गेला आहे, त्याच्यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे राउटरशेजारची. सिस्टिम बसवण्यापुरता बाहेरचा मॉनिटर आणि कीबोर्ड जोडावा, झाकण मिटल्यावर काहीही करू नये अशी सेटिंग ठेवावी आणि नंतर सगळा कारभार दुसऱ्या संगणकावरून करावा. सांबा या प्रोग्रॅमने घरातल्या संगणकांना सामाईक फोल्डर मिळते, सिंकथिंगने फोनमधली छायाचित्रे आपोआप तेथे येतात, जेलीफिनने साठवलेल्या चित्रफिती टीव्हीवर पाहता येतात. रिकामा बसलेला लॅपटॉप साधारण १० ते २० वॅट वीज घेतो, म्हणजे तो दिवसरात्र चालू ठेवणे परवडते, आणि बॅटरी शाबूत असेल तर वीज गेल्यावरही तो काही काळ तग धरतो. पण सतत शंभर टक्के भरलेली आणि उबेत असलेली जुनी बॅटरीच फुगते. बायोसमध्ये किंवा सिस्टिममध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल आणि बॅटरी म्हातारी असेल, तर ती काढूनच ठेवावी. हा सर्व्हर घरच्या नेटवर्कबाहेर उघडा करू नये, आणि त्यावरच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असू द्यावी, कारण एकुलत्या एका डिस्कवरच्या फाइली कधीही जाऊ शकतात.

थांबावे कुठे आणि सोपवावे कसे

मदरबोर्डचा दोष, आत सांडलेले द्रव आणि बिजागरीपासून फाटलेले झाकण यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या, तर त्या यंत्रावर पैसे घालू नयेत. लागणाऱ्या सुट्या भागांची बेरीज त्याच दर्जाच्या चालू लॅपटॉपच्या निम्म्यावर गेली, तरीही तेच. अशा वेळी रॅम, एसएसडी, चार्जर आणि स्क्रीन काढून घ्यावेत. स्क्रीनच्या मागे छापलेल्या क्रमांकावरून त्याला जुळणारा कंट्रोलर बोर्ड मिळतो, आणि तो जोडला की एचडीएमआयवर चालणारा छोटा मॉनिटर तयार होतो. उरलेले ई-कचऱ्यात देण्यापूर्वी डिस्क काढलेली आहे याची खात्री करावी.

तयार लॅपटॉप घरातल्या दुसऱ्या कोणाला वापरायला द्यायचा असेल, तर त्यांच्या नावाचे खाते स्वतंत्र काढून द्यावे, फोनमधली छायाचित्रे आणि प्रिंटर त्यांच्यासमोरच जोडून पाहावेत, आणि तळाशी एक चिठ्ठी चिकटवावी: सिस्टिमचे नाव, तिची अपडेट्स ज्या वर्षापर्यंत मिळणार ते वर्ष, रॅमचा प्रकार, थर्मल पेस्ट बदलल्याची तारीख. पुढच्या वेळी झाकण जो कोणी उघडेल, त्याला या चार ओळी नसल्या तर शोधाशोध करावी लागते.